खोली पाहण्याआधी खानावळ पाहा



एस. एस. एल. सी.चा निकाल लागला की आपल्या गावातून दरवर्षी काही मुले-मुली कलबुर्गी, बिदर, उदगीर किंवा लातूरला जातात. कोणी पी. यू. सी.साठी, कोणी डिप्लोमासाठी, तर कोणी आय. टी. आय.साठी. बदली झाली म्हणून सगळे बिऱ्हाड हलवणारी कुटुंबेही असतात. दाखला न्यायला पालक कार्यालयात येतात तेव्हा फी किती, खोलीभाडे किती, शेवटची बस किती वाजता, या सगळ्याची चौकशी त्यांनी केलेली असते. मुलगा जेवणार कुठे, असे विचारले की उत्तर बहुधा एकच मिळते, "बघू की सर, तिथं काहीतरी मिळंल."

या "काहीतरी"विषयीच आज लिहायचे आहे.

दुपारच्या जेवणाची काळजी आपल्या मुलांना दहावीपर्यंत करावी लागत नाही. कर्नाटक सरकारने २००२-०३ मध्ये 'अक्षर दासोह' योजना सुरू केली ती प्रथम राज्याच्या उत्तरेकडील सात जिल्ह्यांत, आणि त्यांत बिदर व तेव्हाचा गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे होते. पुढे ती दहावीपर्यंत वाढली. घंटा झाली की ताट घेऊन ओळीत बसायचे, ही सवय दहा वर्षांची. अकरावीला गेल्यावर ती एकदम सुटते. सकाळी वर्ग, दुपारी शिकवणी, आणि मध्ये एक समोसा किंवा पाकिटातल्या शेवया. दिवाळीच्या सुट्टीत गावी आलेली मुले मी पाहतो. शर्ट खांद्यावर लोंबत असतो आणि पोटाची तक्रार सुरू झालेली असते. अभ्यास मागे पडल्याचे कारण मग आपण मोबाईलमध्ये शोधतो. मोबाईलचा दोष आहेच, पण ताटाकडेही एकदा बघा.

नव्या वस्तीत खाण्याच्या जागा कशा उगवतात हे समजून घेतले तर त्या शोधणे सोपे जाते. कलबुर्गीत सेडम रस्ता, जेवर्गी रस्ता, आळंद रस्ता, हुमनाबाद रस्ता, अशा सगळ्या बाजूंनी शहर वाढले. बिदरही जुन्या तटबंदीबाहेर नौबादकडे पसरले. अशा नव्या ले-आउटमध्ये आधी घरे होतात. पाटी असलेले हॉटेल सर्वांत शेवटी येते. त्याच्या कितीतरी आधी चहाची टपरी आलेली असते, कारण घरे बांधणाऱ्या गवंड्यांना आणि मजुरांना चहा लागतो. मग संध्याकाळी मिरची-भज्यांचा गाडा लागतो. मग एखादी बाई घरातूनच भाकरी आणि भाजी विकू लागते. तिच्याकडे पाटी नसते, म्हणून नव्या माणसाला ती दिसत नाही. तिचा पत्ता टपरीवाल्याला, किराणा दुकानदाराला आणि गवंड्याला माहीत असतो. त्यांना विचारा. शहरात चांगले आणि स्वस्त जेवण बहुधा बसस्थानक, सरकारी दवाखाना, कोर्ट आणि बाजार समिती यांच्या आसपास असते. तिथे तीच माणसे रोज जेवतात, आणि रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला वाईट जेवण फार दिवस घालता येत नाही. महामार्गावरच्या दिव्यांच्या ढाब्याला हा नियम लागू नाही. तिथले गिऱ्हाईक पुन्हा येणारच नसते.

आता शब्दाकडे वळू. 'खानावळ' हा आपला शब्द कन्नडमध्येही 'खानावळी' म्हणून चालतो. कलबुर्गी, विजयपूर, हुबळीकडे कन्नड अक्षरांतल्या पाट्यांवर तो तुम्हाला दिसेल. शब्दाबरोबर ताटही ओळखीचे आहे. 'जोळद रोट्टी' म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, 'सज्जी रोट्टी' म्हणजे बाजरीची. 'एण्णेगायी' हे भरले वांगे, 'पुंडी पल्ले' ही अंबाडीची भाजी, 'शेंगा हिंडी' ही शेंगदाण्याची चटणी. झुणक्याला तर दोन्हीकडे झुणकाच म्हणतात. वेळ अमावस्येला लातूरकडे शेतात जी भज्जी आणि अंबील असते, तीच बिदर आणि कलबुर्गीकडच्या शेतांतही असते, आणि 'वेळ अमावस्या' हे नाव कन्नड 'यळ्ळ अमावस्ये'शी किती जवळचे आहे ते कानाने ऐकूनच बघा. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मराठी भाषेमुळे पलीकडे गेले. ताट मात्र वेगळे झाले नाही.

डाळीचे बघा. कलबुर्गीला 'तोगरिय कणज' म्हणतात, म्हणजे तुरीची कणगी. इथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे असताना आपला मुलगा कलबुर्गीत राहून पाकिटातल्या शेवयांवर दिवस काढतो, याला काय म्हणावे? ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, एक पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक, एवढे ताट दोन वेळा मिळाले तर वाढत्या वयाच्या मुलाला वेगळे टॉनिक लागत नाही. मांसाहार करणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी कलबुर्गीची तहारी प्रसिद्धच आहे, पण ती रोज खाण्याची वस्तू नव्हे, एवढे सांगून पुढे जातो.

मुलांनी सात-आठ कन्नड शब्द पाठ करून जावे. 'ऊट' म्हणजे जेवण, 'अन्ना' म्हणजे भात, 'नीरु' पाणी, 'मोसरु' दही, 'मज्जिगे' ताक, 'बेकु' म्हणजे हवे, 'साकु' म्हणजे पुरे, आणि 'एष्टु' म्हणजे किती. "ऊट आतेन्री?" असे कोणी विचारले तर तो जेवणाचा प्रश्न असतो आणि ओळख वाढवण्याचाही. सीमाभागातल्या मुलांना यातले बरेचसे येते, पण बोलायची लाज वाटते. खानावळीत ती लाज आठ दिवसांत जाते. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, आणि त्या गावची बोली मला वर्गापेक्षा भोजनालयाच्या पंगतीत अधिक लवकर आली.

शिकायला आलेल्या परक्या मुलाने जेवायचे कुठे, हा प्रश्न नवा नाही. पूर्वी पुण्यासारख्या ठिकाणी गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा 'वार लावून' जेवत, म्हणजे सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात घरांचे सात वार. माधुकरीची प्रथा आपल्याच जिल्ह्यात, अफजलपूर तालुक्यातल्या देवल गाणगापूरला, भाविक आजही पाळतात. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचे नावच दासोहासाठी घेतले जाते. बिदरच्या नानक झिरा साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, तिथे जात-धर्म विचारला जात नाही. प्रवासात अडलेल्या मुलाला हे ठाऊक असावे. पण रोजचे जेवण पैसे देऊन घ्यावे, म्हणजे हक्काने घेता येते. थोडक्या पैशांत भागवायचे असेल तर 'इंदिरा कँटीन' आहे. २०१७ साली बंगळुरूत ती सुरू झाली तेव्हा नाश्ता ५ रुपये आणि जेवण १० रुपये असा दर होता. पुढे ती इतर शहरांतही आली.

खानावळीचा खरा इतिहास मात्र मुंबईच्या गिरणगावात आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीने राहत, पाळीपाळीने झोपत. बायका-मुले गावी. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया चाळीतच राहत आणि दोन वेळा पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक करत. कामगाराचा पगार महिन्याला होई, तेव्हा पैसे महिन्याने मिळत. बाईला मात्र पीठ आणि तेल रोज लागे. त्यासाठी ती सावकाराकडून जबर व्याजाने पैसे काढी. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँकेच्या पायरीवर कधी न गेलेल्या बाया स्वतःच्या नावाने कर्ज घेऊ आणि फेडू लागल्या. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि जेवणाऱ्यांचा पगारच थांबला. त्याची झळ या चुलींना बसल्याशिवाय कशी राहील? खानावळीचे बिल महिन्याच्या पाच तारखेच्या आत द्या असे मी मुलांना सांगतो, ते यासाठी. तुमचे थकलेले पैसे म्हणजे त्या बाईचे उसने आणलेले पीठ असते.

आणखी एक बाजू लिहिलीच पाहिजे. खानावळीच्या पाटीवर पूर्वी जात लिहिलेली असे. दादरला मामा काणे यांचे १९१० सालचे उपाहारगृह 'दक्षिणी ब्राह्मणाचे उपाहारगृह' म्हणून सुरू झाले. आपल्याकडे 'लिंगायत खानावळ' अशी पाटी अजून दिसते. आज तिचा अर्थ बहुतेक ठिकाणी शाकाहारी ज्वारीचे जेवण एवढाच घेतला जातो आणि आत कोणीही जाऊन बसतो. पण एके काळी पाटी म्हणजे आत कोणी यायचे नाही याची सूचनाही होती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या दलित माणसाला चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन सर्वांसमक्ष चहा घेतला. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढले. तिथे वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवत, आणि त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. काही पालक आजही हलक्या आवाजात विचारतात, "सर, खानावळ आपल्यातल्यांची हाय का?" त्यांना मी उलट विचारतो, शाळेतल्या पंगतीत दहा वर्षे तुमचा मुलगा कोणाशेजारी बसला, हे कधी विचारलेत का?

आता निवड कशी करायची ते सांगतो. मुलाला घेऊन खोली बघायला जाल त्या दिवशी दुपारी दीड वाजता आधी खानावळीत बसा. गर्दीच्या वेळी जा, कारण रिकाम्या वेळी सगळेच हॉटेल स्वच्छ असते. भाकरी आत थापल्याचा आवाज येतो का ते ऐका. पाण्याचा पिंप कशाने झाकला आहे, आणि पेला बुडवून पाणी घेतात की तोटी आहे, हे बघा. पोट बिघडते ते बहुतेक वेळा भाजीने नव्हे, पाण्याने. अन्न सुरक्षेचा कायदा २००६ चा आहे. त्याप्रमाणे चौदा आकडी नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला असायला हवा. घरगुती डबे देणाऱ्या सगळ्या बायांकडे तो अजून नसतो हे खरे, म्हणून तिथे आपले डोळे आणि शेजारच्यांचा शब्द यांवर भिस्त ठेवावी.

महिन्याचे पैसे आगाऊ देऊ नका, आधी एक आठवडा जेवून बघा. खाड्यांचा हिशेब आधीच बोलून घ्या. गावी गेलेल्या दिवसांचे पैसे कापतात का, आणि किती दिवस आधी सांगावे लागते? रविवारी संध्याकाळी बऱ्याच खानावळी बंद असतात, त्या वेळेची सोय काय? पाहुणा आला तर ताटाचा दर काय? हे प्रश्न विचारायला मुले लाजतात, म्हणून पहिल्या दिवशी पालकांनी विचारावेत. मुलाने ऐकत उभे राहावे, म्हणजे पुढच्या वेळी तो विचारेल. आणि चांगली खानावळ सापडली, की तिथून पायी दहा मिनिटांच्या आत खोली शोधा. आपण उलटे करतो. स्वस्त खोली लांब घेतो, मग पावसात जेवायला जायचा कंटाळा येतो, आणि भाड्यात वाचलेले पैसे पाकिटांत जातात.

मुलींविषयी थोडे स्पष्ट लिहितो. मुलगा खानावळीत जातो आणि मुलीला डबा लावला जातो. सकाळी आलेला डबा ती दुपारी गार खाते आणि त्यातलेच उरवून रात्री खाते. बाहेर बसून जेवणे बरे दिसत नाही, हे त्याचे कारण. ज्यांच्या हातच्या जेवणावर गिरणगाव जगले त्या बाया होत्या. मग मुलीने पंगतीत बसून गरम भाकरी खाल्ली तर बिघडते कुठे? दोघी-तिघींनी मिळून जावे, उजेडात जाऊन यावे, आणि बाई चालवत असलेली खानावळ मिळाली तर आधी ती बघावी. पालकांनी एक दिवस मुलीबरोबर तिथे जेवून यावे, म्हणजे चालवणारीलाही या मुलीच्या मागे कोणीतरी आहे हे कळते.

विश्वस्त मंडळाला एक विनंती आहे. दहावीच्या निरोप समारंभाला आपण दरवर्षी पाहुणे बोलावतो. यंदा त्यांच्याबरोबर कलबुर्गी, बिदर, उदगीर आणि लातूरला शिकणारे दोन-दोन माजी विद्यार्थी बोलवावेत आणि त्यांना अर्धा तास फक्त राहण्या-जेवण्याविषयी बोलू द्यावे. त्यांचा बसचा खर्च शाळेने द्यावा.

नववीच्या विद्यार्थ्यांना दिवाळीच्या सुट्टीचे काम देत आहे. ज्यांचे भाऊ, बहीण किंवा नातेवाईक या चार गावांत राहतात, त्यांनी तिथल्या निदान एका खानावळीची माहिती लिहून आणावी: कोणत्या रस्त्यावर, कोणत्या खुणेजवळ, ताटात काय असते, महिन्याचा दर, सुट्टीचा वार, पाणी कसे ठेवतात, आणि मुली तिथे बसून जेवतात का. स्वतः जेवून आलेल्यांनी तसे लिहावे, ऐकीव असेल तर 'ऐकीव' असे लिहावे. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात कागद वर्गशिक्षकांकडे द्यावेत. सगळी माहिती एका वहीत उतरवून ती वही कार्यालयात, दाखल्यांच्या रजिस्टरशेजारी, ठेवली जाईल.