माळरान

वैशाखात सोलापूरच्या बाजूस प्रवास करणाऱ्यास दूरवर पसरलेला माळ दिसतो. झाड नाही, पाणी नाही. वाळके गवत तेवढे वाऱ्यावर हलत असते. अशा जमिनीस ‘पडीक’ म्हणण्याची रीत इंग्रजी अमदानीतील दप्तरांनी रूढ केली. पण मुलांनो, ह्याच गवतात काळविटांचे कळप चरतात, लांडगीण पिले वाढवते आणि माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो.

माळढोक हा मोठा पक्षी. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. तो झाडावर बसत नाही. चोहोकडे लांबवर दिसले, तरच तो निर्धास्त असतो. १९७९ साली सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत त्याच्यासाठी अभयारण्य झाले. पण नान्नजच्या माळावर झाडेही लावली गेली. हेतू चांगला, परंतु झाडीने त्याची नजर अडते, हे कोणाच्या ध्यानी आले नाही! आता महाराष्ट्रात माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे. उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानात जैसलमेरकडे आहेत.

मग गुरे वाईट म्हणावीत काय? तसे नाही. गवत बुडख्यापासून वाढते. शेंडा खाल्ला तरी ते पुन्हा फुटते. मात्र फुटवा येताच तो वरचेवर खाल्ला गेला, तर मुळांतील साठा संपतो. पवन्या, मारवेल ही सकस गवते नाहीशी होतात, कुसळी माजते आणि अखेर उघडी माती पावसाने वाहून जाते. उलट, चराई कायमची बंद केली, तर वाळके गवत साचून नव्या कोंबास ऊन मिळत नाही.

ह्यास्तव गायरानाचे तीन-चार भाग पाडावेत. दरसाल एका भागास बी गळेपर्यंत विसावा द्यावा. उरलेल्या भागांत कळप पाळीपाळीने सोडावेत. राखलेल्या भागात पावसाळ्यात पक्ष्यांच्या अंड्यांवर खूरही पडत नाही. हे गावाने एकमताने ठरवावे लागते, कारण रात्री चोरून सोडलेल्या दहा शेळ्यांनीही पाळी मोडते.

फिरत्या मेंढपाळांच्या रीतीत असा विसावा आपोआप साधतो. फलटण-बारामतीकडील धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणाच्या वाटेस लागतात. वाटेवरचे शेतकरी खतासाठी रात्री शेतात मेंढ्या बसवून घेतात व मोबदल्यात धान्य देतात. मागे घरचा माळ तेवढे महिने मोकळा राहतो.