हात जातो तिथे आधार

माझ्या सासूबाई आंघोळ आटोपून पाटावरून उठताना पडल्या. उठायला म्हणून त्यांनी टॉवेलचा दांडा धरला आणि तो स्क्रूसकट भिंतीतून निघाला. दार आत उघडणारं, आतून कडी लावलेली, आणि त्या नेमक्या दारालाच टेकून पडलेल्या. ढकलावं तर त्यांनाच लागणार. सुताराने फळी कापली तेव्हा कुठे आत जाता आलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

वयस्कर माणसं बाथरूममध्ये पडतात ती अनेकदा बसता-उठताना किंवा वळताना, आणि तोल जाताना हाताला लागेल ते धरतात. म्हणून आधी हात कुठे जातो ते बघा. कोरड्या बाथरूममध्ये, कपड्यांनिशी, त्यांना रोजच्यासारखं बसायला-उठायला सांगा. हात टेकतो तिथे पेन्सिलीने खूण करा. आधाराचा दांडा तिथेच हवा.

दांडा स्टेनलेस स्टीलचा, साधारण दीड इंच जाडीचा आणि भिंतीपासून दीड इंच सुटा असावा. नुसत्या टाइलमध्ये स्क्रू पिळून भागत नाही, बोल्ट आतल्या पक्क्या भिंतीत जायला हवा. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर गवंड्याशी आधी बोला. बसवल्यावर घरातल्या धडधाकट माणसाने पूर्ण भार टाकून बघावा. हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या दांड्यांवर विसंबू नका.

पाट काढून गुडघ्याएवढ्या उंचीचं, रबरी पायांचं स्टूल ठेवा. बादलीही उंचावर घ्या, म्हणजे वाकावं लागत नाही. कमोडची बैठक 17 ते 19 इंच उंच असली की उठणं सोपं जातं. दार बाहेर उघडणारं करा, कडी बाहेरूनही काढता येईल अशी लावा.

तेल लावून न्हायचं असेल तर तळवे कोरडे ठेवा. साबणाचा थर रोज घासून काढा. रात्री वाटेवर मंद दिवा राहू द्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठल्याबरोबर चक्कर येऊ शकते, म्हणून मिनिटभर पलंगाच्या कडेला बसूनच उभं राहावं.

“मला काय झालंय?” असं घरातली मोठी माणसं म्हणतीलच. त्यांच्याशी वाद घालू नका. दांडा सगळ्यांसाठी आहे म्हणा, आणि तुम्हीही धरा. पैसे बेताचे असतील तर आधी दांडा आणि कडी करून घ्या. नवी फरशी सवडीने घातली तरी चालेल.