लाँग आयर्न की हायब्रिड? उरवड्याच्या खाचरातलं मेकॅनिक्स

मराठी विभागात गोल्फवर लेख बघून दचकू नका. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत लिहायला बसले की अर्धे शब्द इंग्रजीच येतात. त्यात गोल्फ! इथे तर कोर्सवरचे कॅडीसुद्धा 'लॉफ्ट'ला 'लॉफ्ट'च म्हणतात. तेव्हा भाषाशुद्धीवाल्यांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं.

तर झालं असं. आमचं गाव उरवडे, तालुका मुळशी. पिरंगुटहून आत वळलं की येतं. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. आणि डोंगरापलीकडे, लवळे-बावधनच्या बाजूला गोल्फची हिरवळ. आमच्या भागातली काही मुलं गोल्फ कोर्सवर कॅडीचं काम करतात. म्हणजे खेळणाऱ्याची बॅग उचलायची, अंतर सांगायचं, चेंडू शोधायचा. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, त्यांतलाच एक. खेळतोही झकास. एका साहेबांनी नवा सेट घेतला तेव्हा जुनी आयर्न्स त्याला देऊन टाकली, त्यावरच तो शिकला.

दिवाळीत दादा म्हणाला, "तू इंजिनिअर होणार ना? मग एक सांग. आठ हजार साठवलेत. हायब्रिड घेऊ, का तीन नंबरच्या आयर्नवरच घाम गाळत बसू?" काकू आतून ओरडली, "आधी घरावरचे पत्रे बदला!" म्हणजे प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता. उन्हाळ्यात कॅडींची स्पर्धा होती, आणि त्यात बरा नंबर आला तर पुढे प्रोफेशनल व्हायचं त्याच्या मनात आहे. यात हसण्यासारखं काही नाही. १९९१ आणि १९९३ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडीच होता.

मी दादाला म्हटलं, "थांब, हिशोब करून सांगते." हा लेख म्हणजे तोच हिशोब.

आधी थोडी ओळख

गोल्फच्या बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. त्यामुळे प्रत्येक क्लबने आपली जागा कमवावी लागते. लोखंडी पात्यासारखं डोकं असलेल्या क्लबांना आयर्न म्हणतात, आणि त्यांना नंबर असतात. नंबर जितका लहान तितका दांडा लांब आणि पातं जास्त उभं. पातं उभ्या रेषेपासून किती मागे कललेलं आहे त्या कोनाला लॉफ्ट म्हणतात. दादाच्या जुन्या सेटमध्ये ५ नंबरचा लॉफ्ट साधारण २७ अंश, ४ नंबरचा २४ आणि ३ नंबरचा २१. या ३-४ नंबरांनाच लाँग आयर्न म्हणतात. पूर्वी २ आणि १ नंबरही सर्रास असायचे. १ नंबर इतका अवघड की, लख्ख विजा चमकत असताना १ नंबरचं आयर्न वर धरा, कारण ते देवालाही मारता येत नाही, असा विनोद ली ट्रेव्हिनो हा मोठा खेळाडू करायचा!

हायब्रिड म्हणजे लाकडी क्लब (जो आता लाकडाचा नसतोच) आणि आयर्न यांची संकर जात. आपल्याकडे हायब्रिड ज्वारी असते तसंच. पुढून आयर्नसारखा कोन, मागून फुगीर पोकळ डोकं. २००० नंतरच्या दशकात हे क्लब जगभर पसरले. टेलरमेड कंपनीने तर आपल्या हायब्रिडचं नावच 'रेस्क्यू' ठेवलं, म्हणजे सुटका! सुटका कशापासून, तर लाँग आयर्नपासून.

चेंडू उडतो कसा?

फर्स्ट इयरचं प्रोजेक्टाइल मोशन आठवा. हवा नाही असं धरलं तर पल्ला = वेगाचा वर्ग × साइन (कोनाची दुप्पट) ÷ ९.८१. समजा चेंडू सेकंदाला ५० मीटर वेगाने निघाला. १२ अंशांत उडाला तर पल्ला येतो सुमारे १०४ मीटर. तोच १५ अंशांत उडाला तर १२७ मीटर. फक्त ३ अंशांनी २३ मीटरचा फरक!

प्रत्यक्षात हवा असते, आणि गंमत म्हणजे चांगला बसलेला फटका या हिशोबापेक्षा लांब जातो. कारण चेंडू उलटा फिरत असतो. या बॅकस्पिनमुळे चेंडूला वर उचलणारं बल मिळतं (मॅग्नस इफेक्ट; चेंडूवरच्या खळग्याही त्यालाच मदत करतात). पण हे बल पुरेसं मिळायला वेग लागतो. ज्याचा वेग कमी, त्याचा कमी लॉफ्टचा फटका खाली राहतो आणि लवकर जमिनीवर येतो. म्हणून कित्येकांचं ३, ४ आणि ५ नंबर जवळजवळ सारख्याच अंतरावर पडतं. खेळाडूला वाटतं आपलं तंत्र चुकतंय. तंत्र चुकत असेलही, पण बऱ्याचदा वेगच पुरत नसतो.

हायब्रिडच्या पोटात काय दडलंय?

पहिली गोष्ट, गुरुत्वमध्य. लाँग आयर्नचं वजन पातळ पात्यातच असल्यामुळे गुरुत्वमध्य पृष्ठभागाला अगदी चिकटून असतो. हायब्रिडमध्ये वजन खाली आणि मागे ठेवलेलं असतं. क्लब फिरताना गुरुत्वमध्य हातांच्या रेषेत यायला बघतो. तो मागे असल्यामुळे आदळण्याच्या क्षणी दांडा किंचित पुढे वाकतो आणि पातं थोडं जास्त वर बघतं. म्हणजे कागदावर लॉफ्ट तेवढाच, पण चेंडू उंच!

दुसरी गोष्ट, मोमेंट ऑफ इनर्शिया. आपण हे वाक्य पाठ करून परीक्षेत ओततो, इथे ते हाताला जाणवतं. दोरीवर चालणारी मुलगी हातात लांब आडवी काठी का धरते? वजन मध्यापासून लांब गेलं की वळवणं कठीण होतं म्हणून. हायब्रिडचंही तसंच. चेंडूचं वजन ४५.९३ ग्रॅमपर्यंत, टक्कर जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची. ५० मीटर वेगासाठी संवेगाचं गणित केलंत तर सरासरी बल येतं ५००० न्यूटनच्या आसपास, म्हणजे अर्ध्या टनाचा धक्का! हा धक्का मध्यापासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाजूला बसला की डोकं वळतं. इनर्शिया जास्त तर वळणं कमी. आणि दिशेत दोन अंशांची चूक झाली तर १५० मीटरवर ती पाच मीटरची होते. पाच मीटर म्हणजे हिरवळीऐवजी वाळूचा खड्डा!

तिसरी गोष्ट, तळ. आयर्नची खालची कड पातळ, ती जमिनीत कुदळीसारखी घुसते. हायब्रिडचा तळ रुंद आणि गोलसर, तो घसरत पुढे जातो. लांब गवतात आयर्नच्या मानेला गवत गुंडाळलं जाऊन पातं फिरतं, हायब्रिड गवत दाबत निघून जातो.

मग मोठे खेळाडू लाँग आयर्न का ठेवतात?

कारण त्यांच्याकडे वेग असतो, आणि त्यांना कधीकधी चेंडू मुद्दाम खाली ठेवायचा असतो. वाऱ्यात उंच चेंडू म्हणजे पतंग. शिवाय उजव्या हाताने खेळणाऱ्याचा हायब्रिड डावीकडे ओढला जाण्याची तक्रार पुष्कळजण करतात. चेंडू हवा तसा वळवायला आयर्न जास्त ऐकतं.

आणि थोडी प्रतिष्ठाही आहे. १९४९ च्या भीषण मोटार अपघातातून उठलेल्या बेन होगनने १९५० च्या यूएस ओपनमध्ये मेरियनच्या शेवटच्या होलवर १ नंबरच्या आयर्नने मारलेला फटका. त्याचा पाठमोरा फोटो गोल्फमधला बहुधा सर्वांत प्रसिद्ध फोटो असेल. तो बघून कुणालाही लाँग आयर्नच 'खरं' वाटणार.

पण दुसरी बाजूही ऐका. २००४ च्या ब्रिटिश ओपनमध्ये टॉड हॅमिल्टनने हिरवळीच्या कडेने हायब्रिडने हळूच ढकललेले चेंडू होलजवळ नेले आणि प्लेऑफमध्ये एर्नी एल्सला हरवलं. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये दक्षिण कोरियाच्या यांग यॉंग-उनने शेवटच्या होलवर सुमारे २०६ यार्डांवरून, म्हणजे १८८ मीटरवरून, हायब्रिडने चेंडू झेंड्याजवळ टाकला आणि टायगर वुड्सला हरवलं. पुरुषांची मेजर स्पर्धा जिंकणारा तो पहिला आशियाई. आता हायब्रिडला कमी कोण म्हणेल?

म्हणणारे आहेत. एक सदस्य दादाला म्हणाले होते, "हायब्रिड म्हणजे म्हाताऱ्यांची काठी. तरुण पोराने आयर्न मारावं." दादाच्या डोक्यात ते वाक्य घट्ट बसलं होतं. आठ हजारांपेक्षा तेच जास्त जड होतं, असं मला वाटतं.

खाचरातलं प्रॅक्टिकल

भात कापून झालं होतं. चार खाचरं आणि पलीकडचा पडीक माळ मिळून भरपूर जागा होती. आबांची परवानगी काढली, गुरं दुसरीकडे बांधली. दादा ज्यांची बॅग उचलतो त्या एका साहेबांनी २२ अंशांचा हायब्रिड रविवारपुरता दिला. सिव्हिलच्या मैत्रिणीकडून ३० मीटरची टेप आणली. चेंडू पडतो तिथे ओलसर मातीत खूण उमटते, तेच आमचं रीडिंग. घरंगळत गेलेलं अंतर धरायचं नाही.

पहिल्या तासाची सगळी रीडिंग्ज मी फेकून दिली. कारण दादाने आधी ५ नंबरचे दहा, मग ४ चे दहा, मग ३ चे दहा असे मारले. शेवटी हात दमणार आणि दोष ३ नंबरला जाणार! मग चिठ्ठ्या टाकून क्लब बदलत परत मारले. दादा वैतागला, पण हे महत्त्वाचं आहे. लॅबमध्ये सर ओरडतात ते उगीच नाही.

निकाल असा: ५ नंबर सरासरी १५० मीटर. ४ नंबर १५७. ३ नंबर १५५! म्हणजे ३ नंबर ४ पेक्षा मागे, आणि चेंडू सगळ्या खाचरांत विखुरलेले. २२ अंशांचा हायब्रिड १६५. लॉफ्ट ३ नंबरपेक्षा जास्त असूनही दहा मीटर पुढे. शिवाय खूण खोल, म्हणजे चेंडू वरून सरळ उतरतोय आणि हिरवळीवर थांबेल. भाताच्या बुडख्यांतून मारले तेव्हा तर ३ नंबरचं पातं दर वेळी फिरलं.

दादा वही बघून गप्प बसला. मग म्हणाला, "इतकी वर्षं मी हे तीन नंबर उगाच वाहिलं."

चारनंतर डोंगराकडून वारा सुटला. आता हायब्रिडचे चेंडू वर जाऊन अडखळायला लागले, दोन तर डावीकडे पार बांधापलीकडे. आणि ४ नंबरचं आयर्न? खालून सरळ गेलं. म्हणजे हायब्रिड जिंकला असं म्हणून वही मिटता आली नाही. ३ नंबर बाहेर, हायब्रिड आत, ४ नंबर वाऱ्यासाठी जागेवर, असं ठरलं.

तुम्हाला निवडायचं असेल तर

१. सुरुवात ५ नंबरपासून करा. प्रत्येक क्लबचे किमान दहा चेंडू, क्लब बदलत. सर्वांत लांबचा एक फटका नाही, सरासरी लिहा.

२. दोन शेजारच्या क्लबांत साधारण दहा मीटरचा फरक हवा. दोन-तीनच मीटर असेल तर त्यांतला एक नुसतं ओझं आहे.

३. क्लबवरचा नंबर बघून हायब्रिड घेऊ नका, लॉफ्ट अंशांत विचारा. हायब्रिडचा दांडा त्याच नंबरच्या आयर्नपेक्षा लांब असतो, त्यामुळे तो जास्त जातो आणि मधलं अंतर रिकामं राहतं.

४. ऋतू बघा. मुळशीच्या पावसात जमीन मऊ, चेंडू पडला तिथेच रुततो, तेव्हा हवेतलं अंतर महत्त्वाचं. मे महिन्यात जमीन कडक, खालून आलेला चेंडू हिरवळ ओलांडून पळतो. दोन्ही वेळा उंच चेंडूचा फायदा. वारा असेल तर मात्र उलटं.

५. हायब्रिड झाडूसारखा फिरवू नका. आयर्नसारखाच, किंचित वरून खाली मारा. चेंडू उचलायचं काम क्लबचं आहे, तुमचं नाही.

६. आणि कोण काय म्हणेल हा कॉलम तक्त्यात ठेवूच नका.

असो! दादाने सेकंडहँड हायब्रिड साडेपाच हजारात घेतला. उरलेले अडीच हजार काकूच्या हातावर ठेवले, तेवढ्यात स्वयंपाकघरावरचे पत्रे झाले. ३ नंबरचं आयर्न आता आबांकडे आहे. ते घेऊन ते बांधावरून फिरतात आणि कुत्री हाकलतात. शेवटी म्हाताऱ्यांची काठी कोण झालं ते तुम्हीच बघा!

मला मात्र एक गोष्ट कळली. पुस्तकातला मोमेंट ऑफ इनर्शिया मी तीन सेमिस्टर लिहीत होते, पण तो आपल्या माणसाच्या आठ हजार रुपयांना चिकटला त्या दिवशी पहिल्यांदा समजला. तुमच्याही घरी असा एखादा प्रश्न पडून असेल. पंप कुठला घ्यायचा, गाडीचं ॲव्हरेज का पडतं, वगैरे. एकदा टेप आणि वही घेऊन बसा की!