परड्यात जमीन खचली तर

पावसाळा सरत आला की पुष्कळ घरांच्या परड्यात एखादी जागा अचानक खाली बसते. काल जेथे अळूचा वाफा होता, तेथे आज घमेल्याएवढे भोक दिसते. आत डोकवावे तर तळ लागत नाही. घरची मंडळी दोन-चार पाट्या माती टाकतात, पायाने दाबतात आणि काम झाले असे समजतात. पुढच्या पावसात त्याच ठिकाणी पुन्हा खड्डा पडतो आणि तो पहिल्यापेक्षा मोठा असतो. असे का होते व यावर उपाय काय, ते आज आपण पाहू.

प्रथम कारण शोधावे

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवू या : वरचे भोक लहान असले तरी आतील पोकळी मोठी असू शकते. माती खालून वाहून जाते. वरचा थर छतासारखा तग धरतो आणि शेवटी कोसळतो. म्हणून माती कोठे गेली व तिला नेणारे पाणी कोठून आले, हे कळल्याशिवाय भर घालण्यात अर्थ नाही.

१) जुने बांधकाम : पूर्वजांनी फळ्या किंवा फरशा टाकून झाकलेला आड अथवा शौचालयाचा जुना खड्डा. फळी कुजली की वरची माती आत जाते. घरातील वयस्क मंडळींना आधी विचारावे.

२) गळके पाणी : नळ, न्हाणीचे सांडपाणी किंवा पन्हळीचे पाणी एकाच जागी मुरत राहते. सर्व नळ बंद करून पाण्याचे मीटर पाहावे. ते तरीही फिरत असेल तर नळ कोठेतरी गळत आहे.

३) मातीतील भुयार : खानापूर, चंदगड व गोव्याच्या जांभ्या जमिनीत वरचा दगड टणक, पण त्याखालची पांढरट-पिवळट माती मऊ असते. फटींतून उतरणारे पाणी ही माती धुऊन नेते. उताराच्या पायथ्याशी झऱ्याला गढूळ पाणी येऊ लागले, तर ही खूण समजावी. केरळच्या डोंगराळ भागात अशी लांबच लांब भुयारे आढळली आहेत.

४) चुनखडी : लोकापूर-मुधोळकडे चुनखडीचा दगड आहे. तो पाण्यात हळूहळू विरघळतो व पोकळी तयार होते. काळ्या दगडाच्या जमिनीत असे होत नाही. तेथे बहुधा पहिली दोन कारणे असतात.

झाडाचा कुजलेला बुंधा किंवा घुशींची बिळे यांमुळेही जमीन बसते. पण तो खड्डा उथळ असतो.

त्याच दिवशी करावयाची कामे

भोकापासून सर्व बाजूंनी दहा फूट सोडून काट्यांचे कुंपण घालावे. मुले, गुरे व ट्रॅक्टर तेथे जाऊ देऊ नयेत. काठावर उभे राहून आत वाकू नये. पावसाचे पाणी चर खणून दुसरीकडे वळवावे. कडेला खुंट्या ठोकून अंतर मोजून ठेवावे. आठवड्याने पुन्हा मोजले की खड्डा वाढतो की नाही ते कळते. भिंतीला नवी भेग गेली, दार अडकू लागले किंवा खड्डा घराच्या पायाजवळ असेल, तर स्वतः हात न लावता इंजिनिअरला बोलवावे.

भरावे कसे?

पाण्याचा मार्ग बंद झाल्यावर, कोरड्या दिवसांत, कडेची सैल माती बाहेरूनच काढून टाकावी. तळाशी मोठे दगड असे बसवावेत की खालचे तोंड अडेल. त्यावर लहान दगड, मग खडी, मग जाड वाळू घालावी. शेवटचे दोन फूट चिकणमाती अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी धुमसाने ठोकावी. वर थोडा उंचवटा ठेवावा, म्हणजे पाणी साचणार नाही. एक पावसाळा जाईपर्यंत तेथे झाड लावू नये.

आरोग्य व जीव यांची काळजी

जुन्या आडात किंवा शौचालयाच्या खड्ड्यात कोणीही उतरू नये. आत विषारी वायू असतो किंवा श्वासाला पुरेशी हवा नसते. एक बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. आत दिवा किंवा पेटती चूडही सोडू नये. वायू पेट घेतो.

खड्ड्यात केरकचरा, मेलेले जनावर किंवा औषधाचे रिकामे डबे टाकू नयेत. भुयारातून जाणारे पाणी गाळले जात नाही. ती घाण थेट विहिरीत पोहोचू शकते. जवळच्या विहिरीचे पाणी गढूळ झाले असेल तर ते तपासून घ्यावे व तोवर उकळून प्यावे.

कोरड्या पडलेल्या कूपनलिकेलाही हेच लागू आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये अथणी तालुक्यातील झुंजरवाड येथे सहा वर्षांची मुलगी उघड्या कूपनलिकेत पडून दगावली. सोडून दिलेली कूपनलिका तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू व दगडांनी भरावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा आदेश आहे. वर नुसता दगड किंवा पोते ठेवून भागत नाही.

काम पुरे झाल्यावर जुना आड वा खड्डा कोठे होता, याचा साधा नकाशा काढून घराच्या कागदपत्रांत ठेवावा. आपल्या नातवंडांना तो उपयोगी पडेल.