जुने गीत, नवा आवाज आणि स्वामित्वहक्क

भजनी मंडळ, शाळेचे स्नेहसंमेलन आणि गणेशोत्सवाचा मंच यांनी महाराष्ट्राला अनेक गुणी गायक दिले आहेत. ग्रामीण भागातील अशा गायकाला पूर्वी ध्वनिमुद्रणासाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. आता लहानशा खोलीत ध्वनिमुद्रण होते आणि इंटरनेटमुळे ते देशोदेशी पोहोचते. कोणत्याही कंपनीशी करारबद्ध नसलेला स्वतंत्र कलावंत आपली ओळख करून देण्यासाठी बहुधा एखादे परिचित गीत निवडतो. अशा गीताच्या नव्या ध्वनिमुद्रणास 'कव्हर' असे म्हटले जाते.

दुसऱ्याचे गीत गाण्यात गैर काहीच नाही. परंतु ते कायदेशीर परवानगीवाचून प्रसिद्ध केल्यास हक्कधारकाच्या एका तक्रारीने कित्येक महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते. असे प्रश्न घेऊन तरुण मंडळी प्रथम गावातील शिक्षकाकडे किंवा पंचायत सदस्याकडे येतात. म्हणूनच या कायद्याची स्थूल ओळख सर्वांनाच उपयुक्त ठरेल.

एक गीत, तीन हक्क

आपल्या देशात या विषयाला कॉपीराइट अधिनियम, १९५७ लागू आहे. या कायद्याच्या दृष्टीने गीत ही एकच वस्तू नसते. गीताचे शब्द ही साहित्यकृती होय आणि तिचा कर्ता कवी होय. चाल ही संगीतकृती होय आणि तिचा कर्ता संगीतकार होय. या दोहोंपासून तयार झालेले ध्वनिमुद्रण ही तिसरी कृती असून तिचे हक्क सामान्यतः निर्मात्याकडे किंवा ध्वनिमुद्रिका कंपनीकडे असतात. कवी व संगीतकार यांनी आपले हक्क कराराने कंपनीला दिलेले असू शकतात.

नव्याने गाणाऱ्याने स्वतःच्या वादकांकडून साथ करून घेतली, तर मूळ ध्वनिमुद्रणाला तो हात लावत नाही. तथापि शब्द व चाल यांची परवानगी त्याला घ्यावीच लागते. बाजारात मिळणारी तयार साथसंगत वापरल्यास त्या मुद्रणाच्या मालकाची संमतीही लागते. 'मूळ गायकाला वंदन' अशी ओळ लिहिल्याने किंवा कवीचे नाव दिल्याने परवानगी मिळाली असे होत नाही. नाव देणे हे सौजन्य आहे. परवानगी ही वेगळी बाब आहे.

जुने म्हणजे मोफत नव्हे

साहित्य व संगीत यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९५५-५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून घरोघरी पोहोचलेल्या गीतरामायणाचे उदाहरण घेता येईल. कवी ग. दि. माडगूळकर यांचे निधन १९७७ साली झाले. त्यामुळे शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत राहील. संगीतकार सुधीर फडके यांचे निधन २००२ साली झाले. चालींवरील हक्क २०६२ अखेरपर्यंत राहील. एकाच गीताच्या दोन हक्कांत २५ वर्षांचे अंतर पडले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

संतवाङ्मयाबाबतही हाच विवेक आवश्यक आहे. तुकाराम महाराजांचे अभंग सर्वांचे आहेत. परंतु त्या अभंगांना श्रीनिवास खळे यांच्यासारख्या आधुनिक संगीतकाराने दिलेली चाल सर्वांची नाही. खळे यांचे निधन २०११ साली झाले. त्यांच्या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. उलट, तोच अभंग परंपरागत चालीत किंवा स्वतः बांधलेल्या चालीत गाण्यास कोणाची आडकाठी नाही. जात्यावरच्या पारंपरिक ओव्यांचेही तसेच आहे. होतकरू कलावंताला ही मोठीच खाण उपलब्ध आहे.

कायद्याने दाखविलेली वाट

२०१२ च्या दुरुस्तीने अधिनियमात कलम ३१ सी समाविष्ट झाले. त्यानुसार, ज्या गीताचे ध्वनिमुद्रण मालकाच्या संमतीने पूर्वी झाले आहे, त्याचे नवे ध्वनिमुद्रण काही अटींवर करता येते. पहिले ध्वनिमुद्रण झाले त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षे लोटलेली असावीत. मालकाला आगाऊ सूचना द्यावी लागते व स्वामित्वधन आधीच भरावे लागते. शब्दांत वा चालीत मनाजोगते फेरफार करता येत नाहीत. वेष्टनावर मूळ गायकाचे नाव किंवा छायाचित्र वापरता येत नाही, आणि हे कव्हर असल्याचे स्पष्ट नमूद करावे लागते.

मात्र या कलमान्वये दरवर्षी प्रत्येक गीताच्या किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन भरण्याची अट आहे. विशिष्ट भाषेतील कृतींसाठी ही संख्या कमी करण्याची तरतूद असली, तरी एकट्या कलावंताला हा मार्ग जड जातो. शिवाय पूर्वीचे मुद्रण ज्या माध्यमात झाले त्याच माध्यमात नवे व्हावे, असेही बंधन आहे. म्हणून हक्कधारकाकडून थेट लेखी परवानगी मिळविणे, हीच त्याच्यासाठी व्यवहार्य वाट ठरते.

त्यासाठी मूळ ध्वनिमुद्रिकेवरून कवी, संगीतकार व कंपनी यांची नावे टिपून घ्यावीत. कंपनीकडे, तसेच कवी व संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे लेखी विचारणा करावी. गीत कोठे, किती काळ व कोणत्या स्वरूपात प्रसिद्ध होणार, चित्रफीत असणार की केवळ ध्वनी, उत्पन्नाची वाटणी कशी, हे परवानापत्रात स्पष्ट असावे. तोंडी होकारावर विसंबू नये. परवाना लेखी असावा, हे कायद्यालाच अभिप्रेत आहे.

इंटरनेटवर मिळणारे पुष्कळसे मार्गदर्शन अमेरिकेतील कायद्यावर आधारलेले असते. तेथे १९०९ सालापासून अशा ध्वनिमुद्रणासाठी सक्तीच्या परवान्याची पद्धत आहे. तेथील परवाना आपल्या देशात लागू पडत नाही, याचा विसर पडू नये.

शाळा आणि पंचायत

शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी व शिक्षकांनी पालकांसमोर गीत सादर करण्यास, तसेच शासन किंवा स्थानिक संस्था यांच्या अधिकृत समारंभात गायन करण्यास कायद्याने सवलत दिली आहे. धार्मिक विधी व लग्नसमारंभ यांनाही ती आहे. परंतु ही सवलत सादरीकरणापुरती आहे. तेच गायन मुद्रित करून इंटरनेटवर प्रसिद्ध केले, की परवानगीचा प्रश्न उपस्थित होतो. जत्रेतील तिकीट लावलेला वाद्यवृंदही या सवलतीत बसत नाही.

जाणूनबुजून हक्कभंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. तथापि केवळ शिक्षेच्या भयाने हा कायदा पाळावा, असे नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कवी व संगीतकार यांना आपल्या कृतीच्या उत्पन्नात समान वाटा मिळविण्याचा हक्क दिला असून तो त्यांच्या वारसांकडेही जातो. आज परवानगी मागणारा तरुण उद्या स्वतः चाल बांधेल आणि ती दुसरा कोणी गाऊ इच्छील. त्या वेळी याच कायद्याचा आधार त्याला मिळणार आहे. गावातील जाणत्यांनी ही गोष्ट त्याच्या वेळीच लक्षात आणून दिली, तर कलावंताचे नुकसान टळेल आणि मूळ निर्मात्यालाही न्याय मिळेल.