खांद्याला वेळ दे, पण रोज दे

अगं, आधी ती फाइल मिटून ठेव आणि जरा निवांत बस. रिपोर्टातला ‘बँकार्ट’ हा शब्द वाचून तुझी झोप उडालीय, हे दिसतंय मला. पण बँकार्ट नावाच्या एका ब्रिटिश सर्जननं १९२३ मध्येच या दुखापतीवर लिहून ठेवलंय. शंभर वर्षांहून जास्त काळ डॉक्टरांच्या ओळखीची आहे ती. तुझ्याच वाट्याला काहीतरी अघटित आलंय, असं अजिबात नाही.

तुझ्या खांद्यात झालंय काय, ते ऐक. खांद्याची खोबण मुळात उथळ असते, बशीत लिंबू ठेवावं तशी. त्या बशीला काठ देणारी कूर्चेची कड म्हणजे लॅब्रम. तुझा खांदा निखळला तेव्हा तो काठ पुढून, खालच्या बाजूला सुटला. डॉक्टरांनी दुर्बिणीतून टाके घालून तो परत हाडाला बसवलाय. पण कूर्चेला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे ती भरते सावकाश. खरं सांगू का, दुखणं आधी कमी होतं आणि काठ पक्का चिकटतो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. ‘आता दुखत नाही, मग करते की सगळं’ असं मनात येईल, तेच दिवस सांभाळायचे.

पहिले चार ते सहा आठवडे बहुधा स्लिंगमध्ये जातील. त्या दिवसांत बोटं, मनगट आणि सांगितलं असेल तर कोपर हलवत राहा, नाहीतर खांद्याबरोबर तेही आखडून बसतील. मग फिजिओ तुझा हात स्वतः धरून हलवेल. पुढे चांगल्या हाताचा किंवा काठीचा आधार घेऊन तू हलवशील, आणि त्यानंतर आधाराशिवाय. रबरी पट्टा आणि वजनं साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास येतात. खेळ आणि जोराची कामं पाच-सहा महिन्यांच्या आधी नाहीत. या पायऱ्या गाळायच्या नाहीत गं. आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून व्यायाम करायचे नाहीत. एखादीचा लॅब्रम वरच्या बाजूला फाटलेला असतो, तिथे दंडाच्या स्नायूची दोरी जोडलेली असते, त्यामुळे तिची पथ्यं वेगळी. तुझ्या तारखा तुझे सर्जन आणि फिजिओच ठरवतील.

तुला सगळ्यात जपायचंय ते हात वर उचलून बाहेर-मागे वळवण्यापासून. बघ, अंबाडा घालताना हात नेमका तसाच जातो. गाडीत पुढे बसून मागच्या सीटवरची पिशवी ओढतानाही तसाच. तेव्हा वेणी घालायला आईला बसव, नाहीतर मुलीला शिकव. पुढून बटणांचे सैल कपडे काढून ठेव. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. रात्री उताणी झोप, कोपराखाली उशी घे म्हणजे खांदा मागे ढळणार नाही. स्लिंग आहे तोवर कणीक मळणं, कपडे पिळणं, कुकर उचलणं, स्कूटर चालवणं, सगळं बंद. घरातल्यांना स्पष्ट सांग. लाजायचं काय त्यात? पोळ्या बाहेरून आल्या तर आल्या.

फिजिओकडे गेल्यावर मशीन लावून घेतलं की झालं, असं समजू नकोस. खरी सुधारणा घरच्या व्यायामात आहे. दिवसातून एकदाच तासभर रेटण्यापेक्षा थोडं थोडं, दोन-तीनदा कर. चहा उकळायला ठेवलास की एक फेरी, रात्रीची मालिका लागली की दुसरी. पाठीच्या फऱ्याचे व्यायाम दिसायला अगदी साधे असतात, म्हणून ते टाळू नकोस. फरा नीट हलला तरच हात नीट वर जातो. आणि सांध्याभोवतीचे चार छोटे स्नायू बळकट झाले, की तेच लिंबाला बशीच्या मधोमध धरून ठेवतात.

व्यायामाच्या वेळी ओढ बसेल, थोडं दुखेलही, त्याला घाबरू नकोस. पण कळ रात्रभर राहिली, किंवा दुसऱ्या दिवशी खांदा जास्तच ठणकला, तर फिजिओला सांगून व्यायाम कमी करून घे. सोडून मात्र द्यायचा नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी हाडवैद्याकडे जाऊन खांदा ओढून घ्यायचा नाही आणि जोराची मालिशही नाही. ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं, हात बधिर झाला किंवा खांदा सटकल्यासारखा वाटला, तर सकाळची वाट बघू नकोस. तेव्हाच डॉक्टरांना फोन कर.

मधे एखादा आठवडा असा येईल, की हात जिथल्या तिथेच अडकलाय असं वाटेल. रडू आलं तर रड. म्हणूनच सांगते, पहिल्या दिवसापासून वहीत लिहीत जा, हात कुठवर गेला ते. रोजच्या रोज फरक दिसत नाही, महिन्याची पानं चाळलीस की दिसतो. अगं, घर, नोकरी, मुलं हे सगळं सांभाळणारी बाई तू, दिवसातला थोडा वेळ स्वतःच्या खांद्यासाठी नक्की काढू शकशील. चल, आता उठ आणि फिजिओची पुढची वेळ आजच घेऊन टाक.