तिसरी रात्र

1872 च्या नोव्हेंबरअखेरीस जर्मनीतल्या गोटिंगेनहून मद्रासच्या वेधशाळेला एक तार गेली. तीन दिवसांपूर्वी, 27 तारखेच्या रात्री, युरोपात उल्कांचा पाऊस पडला होता. ज्या बिएला धूमकेतूच्या वाटेवरून या उल्का आल्या, तो पृथ्वीला चाटून पुढे गेला असावा, असा खगोलशास्त्रज्ञ क्लिंकरफ्यूस यांचा कयास होता. नरतुरंगातल्या थीटा ताऱ्यापाशी शोधा, असं त्यांनी मद्रासच्या नॉर्मन पॉग्सन यांना कळवलं.

बिएला सुमारे साडेसहा वर्षांनी परतणारा. 1846 मध्ये त्याचे दोन तुकडे झालेले लोकांनी पाहिले, 1852 मध्ये दोन्ही तुकडे परत आले आणि त्यानंतर तो कुणालाच दिसला नव्हता.

पॉग्सन यांना 3 डिसेंबरच्या पहाटे ढगांच्या फटीतून धूसर ठिपका सापडला. दुसऱ्या पहाटेही दिसला. मग ढग दाटले ते दाटलेच. एका नोंदीतून आकाशातल्या जागेचे दोन आकडे मिळतात आणि कक्षा ठरवायला सहा लागतात, म्हणजे किमान तीन नोंदी. पॉग्सन यांच्याकडे दोनच होत्या. तो बिएला असू शकत नाही, एवढं नंतरच्या गणितातून कळलं. पण मग तो कोण, हे आजही सांगता येत नाही. यादीत त्याच्या नावामागे ‘एक्स’ आहे. कक्षा काढता न आलेल्या धूमकेतूंना तो लावतात.

पॉग्सन यांच्या हाती निदान दोन रात्री होत्या. मी एकाच रात्रीवर विसंबलो. 2023-24 च्या हिवाळ्यात 62पी त्सुचिन्शान धूमकेतू शोधायला वांगणीजवळच्या माळावर गेलो होतो. भिंगावर दव साचत होतं, बॅटरीला लाल जिलेटिन कागद गुंडाळलेला. उत्तररात्री कन्या राशीत गोल, पुसट डाग दिसला. घाईघाईने चित्र काढलं, वेळ लिहायची राहिली, आणि सकाळी चार मित्रांना कळवून मोकळा झालो. पुढच्या रात्री डाग जागचा हललाच नव्हता. ती दीर्घिका होती! फसवणाऱ्या अशाच डागांची यादी शार्ल मेसिए यांनी अठराव्या शतकात केली, आणि ती माझ्या पिशवीतच होती.

तेव्हापासून मी डागापेक्षा शेजारचे तारे आधी काढतो. निदान पाच तरी, आणि कोपऱ्यात मिनिटासकट वेळ. वीस मिनिटं अंधारात बसल्याशिवाय दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, डाग थेट न बघता तिरक्या नजरेने बघायचा. तासाभराने पुन्हा तीच चौकट. ताऱ्यांच्या तुलनेत सरकला तरच धूमकेतू म्हणायचं, आणि तेही दुसऱ्या रात्री पडताळून. नोंद फाडायची मात्र नाही. 1786, 1795, 1805 आणि 1818 मधल्या जुन्या नोंदी जुळवूनच खगोलशास्त्रज्ञ एन्के यांनी ते चार धूमकेतू नसून एकच असल्याचं दाखवलं. 1822 मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटाहून दिसला, त्यांच्या गणिताप्रमाणेच.

एन्के यांच्याच नावाने ओळखला जाणारा तो धूमकेतू, 3.3 वर्षांच्या फेरीने, फेब्रुवारी 2027 मध्ये सूर्याजवळून जाईल. त्याआधी जानेवारीत, अमावास्येच्या आसपास, तो संध्याकाळच्या आकाशात असेल. लागोपाठ तीन संध्याकाळी आत्ताच राखून ठेवा.